राव्हेन्नाची दोन बाप्तिस्मागृहं : येशूच्या दाढीवरून धर्ममत ओळखता येतं का?

निळाई

नमस्कार मंडळी,

इटलीत राव्हेन्नाला जाऊन आले आणि तिथली एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

या गावात अगदी जुन्या ख्रिस्ती काळातली दोन बाप्तिस्मागृहं आहेत, एकीकडून दुसरीकडे सहज चालत जाता येतं. एक बिशप निओनचं, म्हणजे पाचव्या शतकाच्या मध्यानंतर पूर्ण झालेलं. त्याची सुरुवात त्याच्या आधीच्या उर्सुस बिशपने केली होती, निओनने घुमट चढवला आणि आतलं मोझेक (रंगीत दगड-काचेचे तुकडे बसवून केलेली चित्रं) करून घेतलं. दुसरं ऑस्ट्रोगॉथ (गॉथ या जर्मानिक लोकांची एक शाखा) राजा थिओडोरिकच्या काळातलं, साधारण इसवी सन ५०० च्या आसपासचं. दोन्ही विटांची, अष्टकोनी, बाहेरून इतकी साधी की लक्ष नसेल तर माणूस पुढे निघून जाईल. आत जाऊन मान वर केली की मग कळतं. दोन्ही घुमटांच्या मध्यभागी यार्देन नदीत उभा असलेला येशू, बाजूला त्याला बाप्तिस्मा देणारा योहान, वर कबुतराच्या रूपात पवित्र आत्मा, आणि भोवती हातात मुकुट घेऊन चाललेले बारा प्रेषित.

आता मुद्दा. निओन हा निकियाच्या परिषदेचं (बिशपांच्या मोठ्या सभेचं) मत मानणारा, म्हणजे आज ज्याला आपण कॅथलिक म्हणू तो. थिओडोरिक आणि त्याचे गॉथ एरियन. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणायचा की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, त्यामुळे तो पित्याच्या बरोबरीचा नाही. ३२५ मध्ये निकियाला हे मत पाखंड ठरलं, पण गॉथ लोकांपर्यंत ख्रिस्ती धर्म पोचला तो याच मताच्या वाटेने.

आमच्या गाइडने एरियन घुमटाखाली सांगितलं की बघा, इथला येशू बिनदाढीचा, कोवळा, अगदी माणसासारखा, कारण एरियन त्याला पूर्ण देव मानत नव्हते, आणि तिकडे निओनकडचा दाढीवाला, भारदस्त, कारण तिथे तो देव. सगळा ग्रुप 'अरे वा' म्हणाला. मला हे बिलकुल पटलेलं नाही. माझं म्हणणं असं की बाहेर पाटीवर 'एरियन' लिहिलंय म्हणून आपण आत जाऊन चित्रात एरियन मत शोधतो, पाटी काढून टाकली तर कुणाला काही दिसणार नाही. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी पाहिलंय त्यांनी तर नक्की लिहा.

तिरपागडा

पहिला मी! फोटो टाका ना ताई, नुसतं वर्णन वाचून मान दुखायला लागली.

मी_बार्शीकर

विषय एकदम नवीन आहे माझ्यासाठी त्यामुळे बाळबोध प्रश्न विचारतो. बाप्तिस्म्याला वेगळी इमारत कशाला? चर्चमध्येच का नाही करत? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात बाळाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा चर्चमध्येच एका दगडी कुंडापाशी केला होता, दहा मिनिटांत झालं सगळं.

वसईची_वाट

@बार्शीकर, प्रश्न बाळबोध नाहीये, सगळी वास्तू याच प्रश्नातून उभी राहिली आहे.

आमच्या वसईकडे याला स्नानसंस्कार म्हणतात आणि जुन्या चर्चेसमधून कुंड बहुतेक दाराजवळ असतं, कारण याच संस्काराने माणूस मंडळीत प्रवेश करतो. पण आता बाळाच्या डोक्यावर पाणी ओततात. चौथ्या-पाचव्या शतकात परिस्थिती फार वेगळी होती. तेव्हा मोठी माणसं मोठ्या संख्येने धर्मात येत होती, बाप्तिस्मा द्यायचा मुख्यतः बिशपने, तोही खास करून ईस्टरच्या आदल्या रात्री. त्याआधी उपास, शिकवणी, भूत उतरवण्याच्या प्रार्थना. त्या रात्री पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारायचं, मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करायचा, अंगाला तेल, मग कुंडात उतरून तीनदा पाणी, बाहेर आल्यावर पांढरी वस्त्रं, आणि त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये पवित्र भोजनाला जायचं. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला त्या भोजनाच्या वेळी आत थांबायची परवानगीच नव्हती. म्हणून मग कॅथेड्रलला लागून स्वतंत्र इमारत.

आता विचार करा, रात्रभराचा उपास, दिव्यांचा उजेड, ओलेते तुम्ही पाण्यात उभे आणि मान वर केली की डोक्यावर सोन्याच्या घुमटात येशू तुमच्यासारखाच पाण्यात उभा. ते चित्र भिंतीवर नाही, बरोबर कुंडाच्या वर, यात सगळं आलं. माझ्या मते चित्र येशूच्या स्वभावाबद्दल बोलतच नाहीये, ते पाण्यात उभ्या असलेल्या माणसाशी बोलतंय.

निळाई

@वसईची_वाट, किती सुंदर लिहिलंत. आणि निओनच्या बाप्तिस्मागृहात खालच्या कमानींवर बायबलमधली वचनं आहेत, त्यात येशूने शिष्यांचे पाय धुतले तो उल्लेख आहे आणि पेत्र पाण्यावरून चालला तोही. म्हणजे पाण्यात उतरणाऱ्याशी भिंती पण बोलत होत्या.

चुनाविटा

मी पेशाने सिव्हिलवाला, त्यामुळे मला दाढीपेक्षा घुमटात जास्त रस. निओनच्या घुमटाची गंमत कुणी सांगितलीच नाही. तो नेहमीच्या विटांचा नाहीये. मातीच्या भाजलेल्या पोकळ नळ्या एकीच्या तोंडात दुसरी अशा घालत जाऊन तो रचलाय. आत हवा, त्यामुळे वजन एकदम कमी, खालच्या भिंतींवर बाहेर ढकलणारा रेटा कमी, आणि खाली लाकडी आधारही कमी लागतो. हे तंत्र उत्तर आफ्रिकेत आधीपासून होतं, राव्हेन्नात मात्र त्याचा फार देखणा वापर झालाय, पुढे सान व्हिताले चर्चच्या घुमटातही तेच. आधीच्या इमारतीवर नंतर घुमट चढवायचा तर निओनला हलका घुमटच परवडणार होता.

दुसरं म्हणजे जमीन. राव्हेन्ना दलदलीवर बसलेलं गाव. निओनची मूळ फरशी आजच्या रस्त्याच्या पातळीपेक्षा जवळजवळ ३ मीटर खाली आहे, एरियनची २ मीटरहून जास्त. म्हणजे आज आपण आत उभे राहतो ते मुळातल्या माणसाच्या डोक्यावरून बरंच वर. घुमट आपल्याला जितका जवळ वाटतो तितका तो त्यांना नव्हता. फोटो बघून प्रमाणांवर मतं बनवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिरपागडा

म्हणजे तळघरात न उतरताच आपण पहिल्या मजल्यावर! आमच्या सोसायटीचा पार्किंग स्लोपही दरवर्षी रस्ता उंच झाल्यामुळे असाच खाली खाली जातोय.

बोलोन्याचा_पाहुणा

बोलोन्यात शिकतोय, राव्हेन्ना ट्रेनने जवळच, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना घेऊन माझी चक्कर असतेच.

निळाई, तुमच्या गाइडचा मुद्दा एका वाक्यात संपतो. निओनच्या घुमटातलं येशूचं डोकं पाचव्या शतकातलं नाहीच आहे. मधल्या चित्राचा बराच भाग पडून गेला होता आणि १९ व्या शतकाच्या मध्यात फेलिचे किबेल नावाच्या कारागिराने तो नव्याने केला. येशूचं डोकं, खांदा, उजवा हात, योहानाचं डोकं, त्याचा उजवा हात आणि त्यातली ती पाणी ओतायची थाळी, वरचं कबूतर, सगळं त्याचं. नीट बघितलं तर दगडांचे तुकडे बसवण्याची पद्धत वेगळी दिसते, मूळ भागात चेहरा रंगांच्या छोट्या छोट्या ठिपक्यांतून उभा राहतो, नवीन भागात तो गुळगुळीत, तैलचित्रासारखा. म्हणजे ज्या दाढीवरून एवढं तत्त्वज्ञान काढलं ती दाढीच किबेलची.

थाळीचंही तसंच. एरियन घुमटात योहानाचा हात सरळ येशूच्या डोक्यावर आहे. निओनकडे पण मुळात तसाच असणार असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे.

निळाई

@बोलोन्याचा_पाहुणा, हेच हवं होतं मला! गाइडने यातलं अक्षर सांगितलं नाही.

खडूस_खारुताई

थांबा थांबा. दाढी बाद झाली म्हणून धर्ममत पण बाद हे कसं काय? पैसे देणारा राजा एरियन, बिशप एरियन, त्या काळात याच वादावरून लोक देशोधडीला लागत होते, आणि कारागिराला सांगताना कुणाच्या मनात ते आलंच नसेल हे मला पटत नाही. कला म्हणजे काही वॉलपेपर नाही.

सिंहासन बघा ना. एरियन घुमटात प्रेषितांच्या दोन रांगा आहेत, एकीच्या पुढे पेत्र किल्ल्या घेऊन, दुसरीच्या पुढे पौल गुंडाळ्या घेऊन, आणि दोघे एका रिकाम्या सिंहासनापाशी येतात. त्यावर जांभळी उशी आणि रत्नजडित क्रूस. निओनकडे प्रेषितांच्या वाटेत असं काही नाहीये, ते गोल गोल चालत राहतात. मग हा एवढा मोठा बदल का केला? माझं वाचन असं की एरियन लोकांना दाखवायचं होतं की पुत्राला सत्ता पित्याकडून मिळते, क्रूस सोसल्यानंतर मिळते, ती त्याची मुळातली नाही. हे बरोबर की चूक ते सोडा, पण निदान हा प्रश्न दाढीपेक्षा मोठा आहे.

बोलोन्याचा_पाहुणा

@खारुताई, प्रश्न मोठा आहे हे मान्य. पण सिंहासनं निओनकडेही आहेत, एक नाही चार. प्रेषितांच्या बाहेर आणखी एक पट्टा आहे, त्यात आळीपाळीने चार सिंहासनं आणि चार वेद्या, वेदीवर उघडं शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचं पुस्तक). रिकाम्या सिंहासनावर क्रूस हे तेव्हाचं सगळ्यांचं चित्र होतं, ख्रिस्त परत येणार आहे त्याची तयारी म्हणून. ते एरियन असेल तर निओन चौपट एरियन.

चुनाविटा

आणि त्यात साध्या मापाचाही भाग आहे. एरियन इमारत बरीच लहान. तिथे बाहेरचा तिसरा पट्टा मावतच नाही. मग सिंहासन हवं असेल तर प्रेषितांच्याच पट्ट्यात आणावं लागणार. मला हे डिझाइन आवरतं घेतल्यासारखं दिसतं, मत बदलल्यासारखं नाही.

खडूस_खारुताई

आवरतं घेताना काय ठेवलं आणि काय टाकलं यातूनच तर मत कळतं ना? बाहेरच्या पट्ट्यातून पुस्तकं टाकली, बागा टाकल्या, खुर्च्या टाकल्या, आणि सिंहासन ठेवलं. मी हटत नाही.

निळाई

@खारुताई, तुमच्या हट्टामुळे धागा चांगला रंगलाय, पण आता माझी बाजू जरा सविस्तर मांडते.

एक, बिनदाढीचा येशू राव्हेन्नात सगळीकडे आहे. सान व्हिताले हे पक्कं कॅथलिक चर्च, ५४७ मध्ये अर्पण झालेलं, तिथे निळ्या गोलावर बसलेला येशू बिनदाढीचा तरुण. आर्चबिशपच्या छोट्या चॅपेलमध्ये, थिओडोरिकचं राज्य चालू असताना कॅथलिक बिशपने बांधलेल्या, सैनिकाच्या वेशातला येशू, तोही बिनदाढीचा. उलट थिओडोरिकच्या स्वतःच्या राजवाड्याच्या चर्चमध्ये, आज ज्याला सांत आपोल्लिनारे नुओव्हो म्हणतात, वरच्या ओळीत २६ चौकटी आहेत. एका बाजूच्या १३ चौकटींत चमत्कार आणि दृष्टांत, तिथे येशू बिनदाढीचा. समोरच्या १३ मध्ये दुःखसहन आणि पुनरुत्थान, तिथे दाढीवाला. एकाच एरियन चर्चमध्ये दोन्ही!

दोन, आणि माझ्यासाठी हा सगळ्यात वजनदार पुरावा. ५४० मध्ये पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनच्या सैन्याने राव्हेन्ना घेतलं. पुढे ५६१ च्या सुमारास एरियनांची चर्चेस कॅथलिक बिशप आग्नेल्लुसकडे आली. त्याने काय केलं? थिओडोरिकच्या त्या चर्चमध्ये राजवाड्याचं मोझेक आहे, त्याच्या कमानींत राजा आणि दरबारी उभे होते. ते सगळे खरवडून काढले आणि तिथे पडदे बसवले. काही खांबांवर त्यांच्या हातांचे तुकडे आजही शिल्लक आहेत, नुसते पंजे, धड नाही. म्हणजे ज्याच्यावर आक्षेप होता ते काढायला हे लोक अजिबात कचरत नव्हते. पण वरच्या २६ चौकटींना हात लावला नाही. आणि बाप्तिस्मागृहाचा घुमट? तसाच ठेवला. इमारत मारियेच्या नावाने प्रार्थनामंदिर झाली आणि वर सिंहासन, बिनदाढीचा येशू, सगळं जागच्या जागी. ज्यांना एरियन मत आपल्या कुठल्याही गाइडपेक्षा हजारपट जास्त कळत होतं, त्यांना त्या चित्रात काही खटकलं नाही. मग आपल्याला कसं दिसतं?

तिरपागडा

ते खांबावरचे पंजे आत्ता शोधून बघितले. रात्री झोप येणार नाही. मालक गेला, हात राहिले.

अटकेपार

अवांतर आहे पण लिहितो. राव्हेन्नाच्याही दोनशे वर्षं आधीचं बाप्तिस्मागृह बघायचं असेल तर इटली नाही, अमेरिकेत या. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचं रोमन लष्करी गाव होतं. तिथे एका साध्या घराचं चर्च केलं होतं, आणि एका खोलीत कुंड, वर छत्री, छत्रीच्या आतल्या बाजूला निळ्यावर चांदण्या. हे २४० च्या आसपासचं, म्हणजे ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळायच्या कितीतरी आधी. ही चित्रं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खननात निघाली आणि आता येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत. आम्ही कनेक्टिकटमध्ये राहतो, घरी कुणी आलं की घेऊन जातो.

ती टिकली कशी हे पण ऐकण्यासारखं. इराणच्या सासानी सैन्याचा वेढा पडणार म्हणून तटाजवळची घरं मातीने बुजवून तट जाड केला, त्यात हे घरही बुजलं. २५६ मध्ये गाव पडलंच, पण चित्रं मातीत सुरक्षित राहिली. कुंडाच्या वर मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, बाजूला पाण्यावरून चालणारा पेत्र, बरा झालेला पक्षाघाती आपली बाज पाठीवर घेऊन चाललाय, आणि खाली मशाली घेतलेल्या बायकांची रांग. हात साधाच आहे चित्रकाराचा, सोनं वगैरे काही नाही. तरी मला ती राव्हेन्नापेक्षा जवळची वाटतात. तिथला येशू पण बिनदाढीचा बरं का, आणि एरियसचा तर तेव्हा पत्ताही नव्हता.

निळाई

@अटकेपार, हे अवांतर नाही हो, शेवटचं वाक्य तर थेट माझ्या बाजूने आहे!

मी_बार्शीकर

छान माहिती मिळतेय. अजून दोन शंका. १) आठच कोन का? २) दोन्ही घुमटांत येशू पूर्ण उघडा दाखवलाय, एवढ्या पवित्र जागी हे चालायचं?

वसईची_वाट

२ चं उत्तर आधी. चालायचं, कारण बाप्तिस्मा घेणाराही तसाच असायचा. जुन्या नियमावल्यांत लिहिलंय की कपडे उतरवा, बायकांनी केस मोकळे सोडावेत आणि दागिने काढून ठेवावेत, पाण्यात काहीही परकं घेऊन उतरू नये. बायकांना तेल लावायला काही प्रदेशांत स्त्री-सेविका असायच्या. जुना माणूस उतरवून ठेवायचा आणि नवीन जन्म घ्यायचा, मग जन्माला येताना कपडे कुठून?

आठ हा पुनरुत्थानाचा आकडा. सात दिवसांचा आठवडा संपला की जो नवा दिवस येतो तो आठवा, त्या दिवशी येशू उठला. मिलानचं बाप्तिस्मागृह अष्टकोनी होतं, आणि आठ या संख्येवरचे तिथले लॅटिन श्लोक बिशप अँब्रोजच्या नावावर आहेत. त्याच कुंडात ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजने ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला. मिलानच्या मोठ्या कॅथेड्रलखाली त्याचे अवशेष आजही उतरून बघता येतात. रोमला लॅटेरनमध्येही अष्टकोन, आत पोर्फिरीचे (जांभळट दगडाचे) आठ खांब.

चुनाविटा

आठच्या अर्थाला माझा विरोध नाही, पण अष्टकोन आधीपासून होता हेही लिहायला हवं. चौकोनावर गोल घुमट बसवणं डोकेदुखी, अष्टकोनावर सोपं. आणि रोमन राजघराण्यांच्या समाधी इमारती अशाच मध्यवर्ती आकाराच्या असायच्या, क्रोएशियात स्प्लिटला डायोक्लेशियनची समाधी बाहेरून अष्टकोनीच. आकार हाताशी होता, अर्थ नंतर भरला.

वसईची_वाट

@चुनाविटा, समाधीचा आकार बाप्तिस्म्याला घेतला हाच तर अर्थ आहे! संत पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर मरणात पुरले गेलो. कुंडात उतरणं म्हणजे थडग्यात उतरणं. त्यामुळे तुमचं आणि माझं म्हणणं एकच.

खडूस_खारुताई

मला एक कुणी सांगा, तो म्हातारा कोण? एरियन घुमटात डावीकडे पांढऱ्या केसांचा, हिरवं वस्त्र गुंडाळलेला माणूस बसलाय आणि डोक्यावर खेकड्याच्या नांग्या आहेत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं समुद्रदेव चुकून आत आला.

बोलोन्याचा_पाहुणा

ती यार्देन नदी. रोमन कलेत नदी म्हणजे दाढीवाला पुरुष, शेजारी पाणी वाहणारं भांडं. रोममधल्या टायटसच्या कमानीवर विजयाच्या मिरवणुकीत यार्देन अशीच माणसाच्या रूपात पालखीत नेताना कोरली आहे. ख्रिस्ती कारागिरांनी तोच साचा घेतला. निओनकडे तो पाण्यातून अर्धा वर येऊन येशूसाठी कापड पुढे करतो, आणि वर नाव पण लिहिलंय. नांग्या फक्त एरियन घुमटात.

तिरपागडा

नदी स्वतः टॉवेल घेऊन उभी! यापेक्षा चांगली सेवा कुठल्या हॉटेलात मिळणार?

मी_बार्शीकर

माझ्याही मनात जायचं ठरायला लागलंय. कसं जायचं, किती वेळ लागतो?

बोलोन्याचा_पाहुणा

बोलोन्याहून थेट लोकल आहे, सव्वा तासाच्या आसपास. निओनचं बाप्तिस्मागृह, सान व्हिताले, सांत आपोल्लिनारे नुओव्हो वगैरे चर्चच्या ताब्यात आहेत, एकत्र तिकीट मिळतं. एरियन सरकारी मालकीचं, त्याचं वेगळं. निओनकडे गर्दीच्या दिवसांत आत थांबायला मोजकी मिनिटं देतात, त्यामुळे काय बघायचं ते आधी ठरवून जा. आधी खालपासून सुरुवात करा, संगमरवर, मग निळ्यावरच्या हिरव्या वेली, मग चुन्याच्या गिलाव्यातले १६ संदेष्टे, मग प्रेषित, मग मधलं चित्र. सगळे सरळ घुमटाकडे बघतात आणि संदेष्टे राहून जातात. ते मुळात रंगवलेले होते.

खडूस_खारुताई

सगळं वाचलं. आग्नेल्लुसने घुमट ठेवला हा मुद्दा तगडा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ठेवला म्हणजे चित्रात एरियन काही नव्हतंच असं सिद्ध होत नाही, एवढंच सिद्ध होतं की कॅथलिकांना ते आपल्या पद्धतीने वाचता येत होतं. एकच चित्र दोघांनी दोन प्रकारे वाचलं असेल. सिंहासनाबद्दल माझं मत कायम.

निळाई

'दोघांनी दोन प्रकारे वाचलं' हे मी आनंदाने घेते, कारण मग मत चित्रात नाही, वाचणाऱ्यात आहे, आणि मी पहिल्या पोस्टपासून हेच म्हणतेय. गावातल्या कारागिरांकडे येशूच्या बाप्तिस्म्याचं एक चित्र होतं, ते त्यांनी बिशपलाही दिलं आणि राजालाही. ज्यांच्यात एवढी दुश्मनी त्यांना पाण्यात उतरल्यावर तेच बघायचं होतं, हे मला फार मोठं वाटतं. आणि एक, रोमचं चर्च एरियनांना परत घेताना पुन्हा बाप्तिस्मा देत नसे, हात ठेवून स्वीकारत असे. म्हणजे एरियन कुंडातला बाप्तिस्माही त्यांनी खरा धरला होता. मग घुमट का खोटा धरतील?

मी_बार्शीकर

आणि त्या गॉथ लोकांचं पुढे काय झालं?

निळाई

सहाव्या शतकाच्या मध्याला युद्ध हरले आणि इटलीच्या लोकांत मिसळून गेले. राव्हेन्नातच बहुधा थिओडोरिकसाठी तयार झालेली गॉथिक भाषेतली शुभवर्तमानांची एक प्रत मात्र आहे, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली. ती आता स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मूळ ३३६ पानांपैकी १८८ शिल्लक, त्यातलं एक पान १९७० मध्ये जर्मनीत श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये सापडलं. उप्सालाच्या आसपास राहणारं कुणी असेल इथे तर जाऊन बघा आणि वेगळा धागा काढा, मी वाट बघतेय.